यूएफसी ३००: हात सगळ्यांनी पाहिले, पाय पाहायचे राहिले

पाचव्या फेरीचे दहा सेकंद उरले होते आणि मॅक्स होलोवेने केजच्या, म्हणजे जाळीच्या पिंजऱ्याच्या, मधोमध जमिनीकडे बोट दाखवलं. गुणांवर तो पुढे होता. उरलेला वेळ मागे सरकत काढला असता तरी लढत त्याचीच होती. समोर जस्टिन गेथजी, म्हणजे एका ठोशात सगळं उलटं करू शकणारा गडी. त्याला ‘ये, इथे उभा राहा’ म्हणणं म्हणजे जिंकलेला डाव मोडून पुन्हा मांडणं. दोघेही जागेवर उभे राहून हात चालवू लागले आणि घड्याळात ४:५९ झालेले असताना होलोवेचा उजवा हात बसला. गेथजी तोंडावर कोसळला. ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणाऱ्या या खेळात यापेक्षा मोठा क्षण मला तरी आठवत नाही.

ती क्लिप नंतर प्रत्येकाच्या मोबाइलवर फिरली. पण ज्यांनी तेवढीच क्लिप पाहिली त्यांच्या हाती फक्त शेवट लागला. यूएफसी ही या लढती भरवणारी अमेरिकी कंपनी; तिच्या ‘३००’ या कार्यक्रमात १३ एप्रिल २०२४ ला लास वेगासच्या टी-मोबाइल अरीनात १३ लढती झाल्या आणि त्यातल्या बऱ्याचशा हातांनी संपल्या असल्या तरी ठरल्या पायांनी आणि कमरेने. पूर्ण कार्ड, म्हणजे त्या रात्रीच्या सगळ्या लढती, पुन्हा बघायचं असेल तर नजर कुठे ठेवायची, हे इथे लिहितोय.

आधी वेळेचं बघू, कारण दरवेळी तिथेच गोंधळ होतो. तिकडची शनिवारची रात्र म्हणजे आपली रविवारची सकाळ. २०२४ मध्ये अमेरिकेत उन्हाळी वेळ चालू असली तर मुख्य कार्ड आपल्याकडे साडेसातला सुरू व्हायचं, हिवाळ्यात साडेआठला. ३०० ला सुरुवातीच्या लढती पहाटे साडेतीनला, त्यापुढच्या साडेपाचला, मुख्य साडेसातला. म्हणजे गोव्यात पोदेर (पाववाला) भोंपू वाजवत दारावरून गेला तेव्हा मधल्या लढती रंगात आलेल्या होत्या, आणि पातळ भाजी-पाव संपेपर्यंत मुख्य कार्ड लागलं. मोबाइलवरचं प्रक्षेपण प्रत्यक्ष लढतीच्या अर्धा मिनिट किंवा त्याहूनही मागे चालतं, त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप तेवढे तास म्यूट ठेवा. नाहीतर तुमच्या पडद्यावर तिसरी फेरी सुरू असताना म्हापशाचा कुणीतरी निकाल टाकून मोकळा होतो. एप्रिल-मे महिन्यांत वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून टीव्हीवर बघत असलात तरी मोबाइल पूर्ण चार्ज असू द्या.

आता होलोवे. तो मुळात १४५ पौंडांचा, म्हणजे ६५.८ किलोंचा माजी विजेता. ही लढत १५५ पौंडांत, म्हणजे ७०.३ किलोंत झाली. गेथजी याच वजनात वाढलेला, आणि त्याचं खरं हत्यार ठोसा नव्हे तर पोटरीवरची लाथ. तो आधी समोरच्याचा पुढचा पाय निकामी करतो, पाय जड झाला की माणूस जागेवर उभा राहतो, आणि उभ्या माणसाला मारणं सोपं. होलोवेने नेमकं तेच होऊ दिलं नाही. पुढच्या पायावर वजन टाकून तो थांबतच नव्हता. जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) मारला की अर्धं पाऊल बाजूला, कधी डावा पाय पुढे तर कधी उजवा. लाथ मारणाऱ्याला आधी अंतर मोजावं लागतं आणि मग पाय टेकून वजन फिरवावं लागतं. मोजलेलं अंतर दर दोन सेकंदांनी बदलत राहिलं तर ती लाथ एक तर हवेत जाते नाहीतर गुडघ्याच्या हाडावर आदळते.

पहिल्या फेरीच्या अगदी शेवटी होलोवेने गिरकी घेऊन टाच तोंडावर मारली आणि गेथजीचं नाक मोडलं. हा क्षण दोनदा बघा, कारण पुढच्या वीस मिनिटांचा हिशेब इथे आहे. नाक मोडलं की श्वास तोंडाने घ्यावा लागतो. तोंडात दातांचं गार्ड असतं, ते चावून जबडा घट्ट मिटलेला ठेवायचा असतो. श्वासासाठी तोंड उघडलं की जबडा सैल पडतो, आणि सैल जबड्यावर बसलेला ठोसा डोकं जास्त जोराने फिरवतो. शिवाय रक्त घशात उतरतं, दम लवकर लागतो, आणि दमलेला माणूस हात खाली सोडतो. शेवटच्या सेकंदाला गेथजी पडला तो एका ठोशाने, हे खरंच. पण त्या ठोशाला वाट पहिल्या फेरीपासून करून दिलेली होती.

ते बोट दाखवणंही एका क्षणाचा झटका नव्हता. जून २०१६ मध्ये यूएफसी १९९ ला रिकार्डो लमासविरुद्ध होलोवेने शेवटच्या दहा सेकंदांत हेच केलं होतं. ती लढत गुणांवर गेली. आठ वर्षांनी, वरच्या वजनात, जास्त धोकादायक माणसासमोर त्याने तेच केलं, म्हणून मला त्याचं इतकं कौतुक. त्या रात्रीसाठी बोनस वाढवून प्रत्येकी ३ लाख डॉलर केला होता. होलोवेने दोन घेतले, म्हणजे ६ लाख. एकेक डॉलर त्याच्या हक्काचा.

पोटरीवरच्या लाथेचा विषय निघालाच आहे तर नीट समजून घेऊ, कारण या खेळात सर्वांत कमी समजलेली गोष्ट हीच. स्वतःच्या पायाला हात लावून बघा. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, वाटीच्या थोडं खाली हाडाचा एक टणक उंचवटा लागतो. त्याच्या मानेला वळसा घालून एक नस (मज्जातंतू) खाली जाते, आणि पायाचा पंजा वर उचलण्याचं काम तिच्याकडे असतं. तिथे मांस अगदी थोडं. नडगीचं हाड त्या भागावर तीन-चारदा नीट बसलं की पंजा उचलत नाही, पाऊल घसटतं, घोटा आतल्या बाजूला मुडपतो. मांडीवरची लाथ दुखते, पण मांडीला सोसायला स्नायू आहे. पोटरीला तो नाही. मांडीवरच्या लाथेला पाय उचलून अडवायला वेळ मिळतो; पोटरीवरची लाथ इतकी खालून येते की पाय उचलेपर्यंत ती बसलेली असते. म्हणून अडवायची तर गुडघा आणि पंजा बाहेरच्या दिशेला वळवून नडगी समोर आणायची. हाडाला हाड लागलं की मारणाऱ्याचाच पाय जास्त दुखतो.

यिरी प्रोहास्का आणि अलेक्झांडर राकिच यांची लढत याच नजरेने बघा. पहिल्या फेरीत राकिचने प्रोहास्काच्या पायाची दैना केली. प्रोहास्का हात खाली ठेवून, छाती उघडी टाकून उभा राहतो, लाथा अडवण्याकडे त्याचं फारसं लक्ष नसतं. असा माणूस तिसऱ्या फेरीपर्यंत लंगडायला लागणार हे उघड होतं. मग त्याने काय केलं? तिसरी फेरी येऊच दिली नाही. पाय गेला तर पुढे घुसायचं, कारण लाथेला अंतर लागतं आणि छातीला छाती भिडली की लाथ बसत नाही. दुसऱ्या फेरीत ३:१७ ला काम तमाम. हा मार्ग कुणाला शिकवण्यासारखा नाही, पण त्याच्याबाबतीत तो बरोबर ठरला.

मुख्य लढतीत अ‍ॅलेक्स परेराने जमाहल हिलला ३:१४ ला पाडलं. २०५ पौंड, ९३ किलो. परेरा उजवखोरा, म्हणजे डावा पाय पुढे. हिल डावखोरा, उजवा पाय पुढे. समोरासमोर उभे राहिले की परेराचा डावा पाय हिलच्या उजव्या पोटरीच्या बाहेरच्या बाजूवर सरळ जातो. आणि परेराचा डावा हुक, म्हणजे बाजूने वळवून मारलेला ठोसा, तोही त्याच बाजूने येतो. म्हणजे समोरच्याला डावा खांदा हललेला दिसतो, पण खालून लाथ येणार की वरून हात, हे कळत नाही. ही शंका पेरणं हेच परेराचं खरं कसब. त्याचा हुक दिसायला अगदी साधा: हात मागे ओढत नाही, खांदा फिरवून दाखवत नाही, आहे तिथून निघतो. हिलची एक लाथ कमरेखाली लागली, रेफरी हर्ब डीन मध्ये पडायला आले, तर परेराने हातानेच त्यांना ‘राहू दे’ म्हटलं. नियमाने त्याला पाच मिनिटांपर्यंत विश्रांती घेता आली असती. पुढच्या काही सेकंदांतच हिल खाली होता.

कुस्ती जाणणाऱ्या वाचकांनी मात्र त्या रात्रीची एक लढत चुकवूच नये, ती चार्ल्स ऑलिव्हेरा आणि आर्मन त्सारुक्यान यांची. त्सारुक्यान पट काढणारा, ऑलिव्हेराच्या नावावर यूएफसीत सर्वाधिक सबमिशन, म्हणजे पकडीत धरून हार मानायला लावणं. आपल्याकडच्या पैलवानाला लहानपणापासून सवय असते: पट काढायचा, डोकं समोरच्याच्या कमरेला लावून रेटायचं. कुस्तीत मान आवळून श्वास कोंडायला परवानगी नसल्यामुळे मान मोकळी राहिली तरी बिघडत नाही. इथे ती मान हाती लागली की गिलोटिन, म्हणजे समोरून मान हाताच्या विळख्यात धरून गळा आवळणं. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये शांघायला यूएफसीत उतरलेला पहिला भारतीय, आपला मराठी पैलवान भरत खंदारे, सोंग यादोंगसमोर पहिल्याच फेरीत गिलोटिनमध्येच गेला. त्याच्या धाडसाबद्दल मला कायम आदर आहे, कारण त्या वेळी वाट दाखवायला पुढे कुणीच नव्हतं.

ऑलिव्हेराने पहिल्या फेरीत लावलेला गिलोटिन इतका घट्ट होता की संपलंच असं वाटलं. त्सारुक्यान सुटला कसा? गिलोटिन बसतो तो तीन गोष्टींवर: मनगटाचं हाड गळ्याच्या कडेला, कोपर वर, आणि खालच्या माणसाच्या पायांनी वरच्याची कंबर जखडलेली. यातली तिसरी गोष्ट सुटली की पहिल्या दोन ढिल्या पडतात. म्हणून सोडवताना डोकं मागे ओढायचं नसतं, ती सगळ्या नवशिक्यांची चूक; ओढल्याने फास आणखी आवळतो. एका हाताने आवळणारं मनगट धरायचं, हनुवटी छातीला, आणि शरीर डोकं अडकलेल्या बाजूच्या विरुद्ध बाजूला नेऊन खांद्याचा भार समोरच्यावर टाकायचा. कंबर पायांच्या पकडीतून बाहेर पडली की आवळणाऱ्याच्याच हातातला जोर संपत जातो. त्सारुक्यान घाबरला नाही, हात आणि कंबर यांचं काम करत राहिला, आणि मग वर बसून मारू लागला.

निकाल फुटला: दोन पंचांनी २९-२८ त्सारुक्यानला, एकाने २९-२८ ऑलिव्हेराला. पहिल्या फेरीवर वाद घालायला जागा आहे. नियमांप्रमाणे नुसतं वर बसणं मोजत नाहीत, परिणाम मोजतात. लढत संपवण्याच्या टोकाला नेणारा चोक (गळा आवळणारी पकड) हा मोठा परिणाम. तरीही एकूण लढत त्सारुक्यानची होती असंच माझं मत.

आता केयला हॅरिसन. गोव्यात शालेय जुडो स्पर्धांना पोरांना घेऊन जाणाऱ्या पालकांना आणि शिक्षकांना माझी विनंती: हॉली होमविरुद्धची ही लढत मुलींना दाखवा. हॅरिसनची दोन ऑलिंपिक सुवर्णं, लंडन २०१२ आणि रिओ २०१६, दोन्ही ७८ किलोंत. होम म्हणजे तीच, जिने नोव्हेंबर २०१५ मध्ये मेलबर्नला रोंडा राउसीला डोक्यावरच्या लाथेने पाडलं होतं. राउसीही जुडोचीच, ऑलिंपिक कांस्यविजेती. मग एक जुडोवाली हरली, दुसरी जिंकली, असं का? राउसी मोकळ्या जागेत सरळ रेषेत धावत गेली, आणि होम बाजूला सरकून डावा हात लावत राहिली. हॅरिसनने आधी जागाच संपवली. होमची पाठ जाळीला लावली, मग धरलं. जुडोत कॉलर आणि बाही पकडायला मिळते, इथे कपडाच नसतो; म्हणून एक हात समोरचीच्या काखेतून पाठीवर, दुसऱ्या हाताने तिचा दंड वरून आवळायचा, आणि आपली कंबर तिच्या कमरेखाली घालायची. कंबर वर राहिली तर डाव फसतो, मग दंड कितीही मजबूत असोत. दुसऱ्या फेरीत १:४७ ला मागून गळा आवळून तिने होमला टॅप करायला, म्हणजे हात थोपटून हार मानायला, लावलं.

यात सगळ्यांचं लक्ष वजनाकडे होतं, आणि ते बरोबरच होतं. हॅरिसन पीएफएल या दुसऱ्या लढतसंस्थेत १५५ पौंडांत दोनदा विजेती ठरली होती; इथे तिला १३६ पौंड, म्हणजे सुमारे ६१.७ किलोंवर यायचं होतं. ती आली. शेवटच्या आठवड्यात कमी होतं ते मुख्यतः पाणी. भात, पाव, साखर कमी केली की स्नायूंत साठलेली शर्करा संपते आणि तिच्या तिपटीच्या आसपास पाणी तिच्यासोबत बाहेर पडतं. मीठ कमी, मग गरम पाण्याचा टब, मग टॉवेलात गुंडाळून घाम. वजन शुक्रवारी सकाळी होतं, लढत शनिवारी रात्री. मधल्या वेळात क्षार घातलेलं पाणी थोडं थोडं पिऊन शरीर भरून काढायचं असतं. 

गोव्यात कुस्ती, बॉक्सिंग किंवा जुडोच्या वजनगटासाठी हे बघून कुणी घाम काढायला जात असेल तर हात जोडून सांगतो, इथे ते जास्त धोक्याचं आहे. घाम आल्याने अंग थंड होत नाही, घाम वाळल्याने होतं. आपल्या दमट हवेत घाम वाळतच नाही, नुसता गळतो. पाणीही जातं आणि अंगही तापत राहतं. प्लास्टिकचा सूट घालून दुपारी माळावर धावणं हा तर वेडेपणा. चक्कर, घाम थांबणं, बोलण्यात गोंधळ, यातलं काहीही दिसलं तर वजन राहिलं बाजूला. सावली, गार पाणी अंगावर, आणि थेट इस्पितळ. शाळकरी पोरांनी वजन कापूच नये, वरच्या गटात खेळावं.

तीच दमट हवा मॅटवर दुसरा त्रास देते: गजकर्ण. किनारपट्टीवर मुय थाय आणि जिउ-जित्सूचे वर्ग वाढलेत तसा हा त्रासही वाढणारच. सराव संपल्यावर मॅट जंतुनाशकाने पुसायचा, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात, आणि लगेच कोरडा न करता दहा मिनिटं ओला राहू द्यायचा. लगेच पुसला तर औषधाला काम करायला वेळच मिळत नाही. पावसाळ्यात मॅट भिंतीला टेकवून खालची बाजूही वाळवायची, कारण बुरशी तिथूनच येते. गोल, कडेला लाल चट्टा दिसला की तो बरा होईपर्यंत मॅटवर पाय ठेवायचा नाही.

झांग वेइली आणि यान शियाओनान यांची लढत यूएफसीतली दोन चिनी खेळाडूंमधली पहिली विजेतेपदाची लढत होती. गुण कसे मोजतात हे शिकायला ती उत्तम. तिन्ही पंचांनी ४९-४५ दिले. फेरी जिंकणारीला १०, हरणारीला साधारणतः ९. फारच एकतर्फी झाली तर ८. पाच फेऱ्यांत झांगचे ४९ म्हणजे चार फेऱ्या १०, एक ९. यानचे ४५ म्हणजे जिंकलेल्या फेरीचे १०, तीन फेऱ्यांचे ९ आणि एका फेरीत ८. आकडा बघून कळतं की झांगने एक फेरी गमावली आणि एक जवळजवळ संपवून जिंकली. पहिल्या फेरीच्या अखेरीस झांगचा चोक असा बसला होता की भोंगा वाजला नसता तर तिथेच निकाल होता. दोन्ही बाजूंच्या धमन्या दाबल्या गेल्या की साधारण दहा सेकंदांत शुद्ध जाते. तेवढ्यातून उठून यानने पुढच्या चार फेऱ्या लढल्या. पराभूत खेळाडूचं नाव लोक विसरतात, यानचं विसरू नये.

बाकीचं भरभर. रेनाटो मोइकानो पहिल्या फेरीत पडला, जेलिन टर्नर ‘संपलं’ समजून पाठ फिरवून चालू लागला. रेफरीने लढत थांबवलेली नव्हती. मोइकानो सावरला आणि दुसऱ्या फेरीत त्यानेच टर्नरला संपवलं. रेफरीचा हात अंगाला लागेपर्यंत लढत चालूच असते. डिएगो लोपेसने सोडिक युसुफला दीड मिनिटाच्या आत उरकलं, त्यात विश्लेषण करण्यासारखं फार नाही. बो निकल जिंकला, पण मुख्य कार्डावर त्याच्याऐवजी डेव्हसन फिगरेडो आणि कोडी गार्ब्रंट हवे होते. दोन माजी विजेते पहाटे साडेतीनला लढतात हे मला पटलं नाही. जिम मिलर हरला. यूएफसी १००, २०० आणि ३०० या तिन्हींत तो लढला. हरल्यावरही त्याच्यासाठी उभं राहून टाळ्या वाजवाव्यात असा माणूस.

पुन्हा बघताना एक ध्यानात ठेवा: त्या रात्री सरळ वरून खाली मारलेला कोपर निषिद्ध होता. नियम नोव्हेंबर २०२४ पासून बदलला, त्यामुळे आताच्या सवयीने ‘कोपर का मारत नाही’ असं म्हणू नका.

होलोवेची लढत बघताना आवाज बंद करा आणि पहिल्या चार फेऱ्यांत नजर गेथजीच्या हातांवर न ठेवता होलोवेच्या पुढच्या पंजावर ठेवा. तो किती वेळ एका जागी टेकलेला राहतो ते मनात मोजा. दोनच्या पुढे आकडा क्वचित जाईल. पाचव्या फेरीचे शेवटचे दहा सेकंद मात्र आवाज चालू करून बघा. केजच्या कडेला लाकडी ठोकळे एकमेकांवर आपटल्याचा टक आवाज येतो, ती दहा सेकंद उरल्याची खूण. त्यानंतर होलोवेचे पाय त्या रात्री पहिल्यांदाच जागेवर थांबतात.